गाडी थांबते, बॅटरी थांबत नाही

ऑक्टोबर सरत आला की मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओ या भागांतली मोटरहोम घरी परतू लागतात. कॅम्पग्राउंडचे नळ बंद होतात, पहिले हिम पडते आणि मालक गाडी हिवाळ्यासाठी झाकून ठेवायच्या तयारीला लागतात. पाण्याच्या टाक्या रिकाम्या होतात. नळ्यांमध्ये उरलेले पाणी गोठून त्या फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी रंगाचे अँटिफ्रीझ भरले जाते. उंदीर शिरू नयेत म्हणून फटी बुजवल्या जातात, टायरांत हवा भरली जाते, वर कापडी आवरण ओढले जाते. बॅटरीसाठी मात्र बहुतेक जण एक खटका बंद करतात आणि आता एप्रिलपर्यंत तिकडे बघायला नको, असे समजतात. एप्रिलमध्ये चावी फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही.

उभ्या गाडीची बॅटरी बसणे हे दुखणे तिकडच्या मोटरहोमवाल्यांपुरते नाही. २०२०च्या टाळेबंदीत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या गाड्यांमुळे आपल्याकडेही अनेकांना त्याचा अनुभव आला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाड्या हंगामात धावतात आणि पावसाळ्यात बराच काळ उभ्या राहतात. मोटरहोमचे उदाहरण समजून घेण्यासारखे आहे ते एवढ्यासाठी, की त्यात दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात, छोटीमोठी कितीतरी उपकरणे असतात, मुक्काम लांबलचक असतो आणि हवामान टोकाचे असते. तिथे जे कळते ते कोणत्याही उभ्या गाडीला, अगदी बंद घरातल्या इन्व्हर्टरलाही लागू पडते. ते थोडक्यात सांगायचे तर बॅटरीला पडून राहण्याची भीती नाही, अर्धवट रिकामी पडून राहण्याची आहे.

दोन बॅटऱ्या, दोन कामे

मोटरहोममध्ये इंजिनासाठी एक बॅटरी असते आणि घरासाठी वेगळी, बहुधा एकाहून अधिक बॅटऱ्यांचा संच. इंजिनाच्या बॅटरीला काही सेकंदच काम असते, पण त्या काही सेकंदांत तिला शेकडो अँपिअरचा प्रवाह द्यावा लागतो. म्हणून तिच्यात पातळ प्लेटा भरपूर संख्येने बसवलेल्या असतात. प्लेटांचा पृष्ठभाग जितका जास्त, तितका मोठा प्रवाह एकदम मिळतो. घराच्या बॅटरीचे काम संथ आणि लांबचे. दिवे, पाण्याचा पंप, पंखा, हीटरचा ब्लोअर हे सगळे ती रात्रभर चालवते. तिच्या प्लेटा जाड असतात आणि खोलवर रिकामी होऊन पुन्हा भरणे तिला सोसते. अशा बॅटरीला डीप सायकल म्हणतात. इंजिनाची बॅटरी चार-दोन वेळा पार रिकामी झाली तरी तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

गाडी रस्त्यावर असताना इंजिनाचा अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्या भरतो. मध्ये आयसोलेटर नावाचे साधन असते. घराच्या दिव्यांनी इंजिनाची बॅटरी पिऊन टाकू नये, एवढी राखण ते करते. गाडी उभी असताना बाहेरच्या विजेची वायर जोडली, की आतला कन्व्हर्टर १२ व्होल्टचा पुरवठा करतो आणि घराची बॅटरी भरतो. इथे अनेकांची फसगत होते. कितीतरी मोटरहोममध्ये, विशेषतः जुन्या गाड्यांमध्ये, हा कन्व्हर्टर फक्त घराची बॅटरी भरतो. मालक गाडी हिवाळाभर प्लगला लावून ठेवतो, आतले दिवे लख्ख लागतात आणि इंजिनाची बॅटरी मात्र बसलेली असते.

आपल्या गाडीत काय सोय आहे, हे पाहायला साधा मल्टिमीटर पुरतो. वायर जोडण्यापूर्वी इंजिनाच्या बॅटरीचे व्होल्ट मोजायचे, जोडल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. आकडा १३च्या वर चढला तर तिलाही चार्जिंग मिळत आहे. जागचा हलला नाही, तर तिची वेगळी व्यवस्था करायला हवी. बाजारात त्यासाठी छोटी साधने मिळतात. घराची बॅटरी भरत आली की ती थोडा प्रवाह इंजिनाच्या बॅटरीकडे वळवतात. नाहीतर तिला स्वतंत्र छोटा चार्जर लावायचा.

प्लेटांवर काय साचते

गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. आज गाड्यांत दिसते ती तिचीच सुधारलेली आवृत्ती. एका प्लेटवर शिशाचा डायऑक्साइड, दुसरीवर सच्छिद्र शिसे आणि मध्ये पातळ केलेले सल्फ्युरिक आम्ल, एवढाच तिचा संसार. अशा एका घराला सेल म्हणतात. तो साधारण २.१ व्होल्ट देतो. सहा सेल एकापुढे एक जोडले की १२.६ व्होल्ट होतात आणि आपण तिला १२ व्होल्टची बॅटरी म्हणतो.

वीज वापरली जाते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते, आम्लातला सल्फेट खर्च होतो आणि पाणी वाढते. ही दुहेरी सल्फेटची उपपत्ती ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोघांनी १८८२ मध्ये इंग्लंडमध्ये मांडली आणि ती आजही टिकून आहे. चार्जिंग करताना नेमके उलटे घडते. सल्फेट प्लेटांवरून सुटून आम्लात परत जातो आणि प्लेटा पूर्ववत होतात. म्हणजे बॅटरी जितकी रिकामी, तितके प्लेटांवर सल्फेट जास्त आणि आम्ल तितके पाणचट.

नुकतेच तयार झालेले सल्फेट बारीक कणांचे असते आणि चार्जिंगचा प्रवाह मिळताच सहज विरघळते. पण बॅटरी तशीच पडून राहिली, की बारीक कण हळूहळू विरून मोठ्या स्फटिकांना जाऊन मिळतात. पिठीसाखर पाण्यात टाकताच विरते आणि खडीसाखरेचा खडा तळाशी बसून राहतो, तसा हा फरक आहे. साखर तीच असते, पण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कमी झालेला असतो. मोठे स्फटिक झालेले सल्फेट चार्जिंगला दाद देत नाही. प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. यालाच सल्फेशन म्हणतात आणि न वापरता पडलेल्या बहुतेक बॅटऱ्या याच कारणाने मरतात.

सल्फेशन झालेल्या बॅटरीची एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. ती चार्जिंगला लावली की फार लवकर ‘फुल’ होते. काम करणारा भागच थोडा उरल्यामुळे व्होल्ट पटकन चढतात, चार्जर समजतो की पोट भरले आणि थांबतो. नंतर सेल्फ मारला की व्होल्ट कोसळतात. गॅरेजवाले म्हणतात, ‘चार्ज घेते, पण धरत नाही.’ दोन दिवस भरायला लागणारी बॅटरी दोन तासांत भरली, तर खूश होण्याचे कारण नाही.

खटका बंद, तरी खर्च चालू

गाडी उभी असताना बॅटरी रिकामी कोण करते? पहिला खर्च तिचा स्वतःचा. प्लेटा आणि आम्ल यांची किंचित क्रिया आत चालूच असते, त्यामुळे काहीही न जोडलेली बॅटरीही हळूहळू उतरते. पाणी टाकावे लागणाऱ्या साध्या बॅटरीत, २५ अंश सेल्सिअसच्या आसपास, महिन्याला पाच टक्के किंवा त्याहूनही जास्त घट होऊ शकते. आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेल्या बंद बॅटरीत, म्हणजे एजीएममध्ये, ही घट बरीच कमी असते.

दुसरा खर्च मोठा आणि नजरेआड राहणारा. मोटरहोममध्ये गॅस गळती ओळखणारा सेन्सर चोवीस तास जागा असतो. रेडिओ आपली स्मृती जपतो, फ्रिजचा सर्किट बोर्ड बटणाची वाट पाहतो, दाराखालची विजेची पायरी दार उघडण्याच्या इशाऱ्यासाठी तयार असते, इंजिनाचा संगणक आणि चोरीचा अलार्म थोडे थोडे घेत राहतात. यातला प्रत्येक प्रवाह क्षुल्लक वाटतो. पण समजा, सगळे मिळून ०.१५ अँपिअर जातात. दिवसाला ३.६ अँपिअर-तास झाले. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी आणि चार आठवड्यांत रिकामी. हिवाळ्याचा मुक्काम पाच महिन्यांचा असतो. म्हणजे उरलेले चार महिने ती पूर्ण रिकाम्या अवस्थेत, सल्फेटचे स्फटिक वाढवत उभी राहते.

‘पण मी डिस्कनेक्टचा खटका बंद केला होता,’ असे मालक म्हणतो आणि ते खरेही असते. हा खटका घराच्या दिव्या-पंख्यांचा पुरवठा तोडतो. सगळ्यांचा तोडतोच असे नाही. गॅसचा सेन्सर आणि विजेची पायरी सुरक्षिततेसाठी अनेक गाड्यांत खटक्याच्या अलीकडेच, थेट बॅटरीला जोडलेले असतात. खरोखर काय तुटते आणि काय नाही, हे मीटरनेच कळते.

त्यासाठी सगळे बंद करून बॅटरीची ऋण वायर काढायची. मल्टिमीटर १० अँपिअरच्या पट्टीवर ठेवायचा, एक टोक सुटलेल्या वायरीला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावायचे. आता गाडीत जाणारा सगळा प्रवाह मीटरमधून जाईल. ही मोजणी चालू असताना सेल्फ मारायचा नाही, पायरी किंवा पंप चालवायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. आकडा स्थिर झाला, की त्याला २४ने गुणायचे. रोज किती अँपिअर-तास जातात ते समोर येते. मग एकेक फ्यूज काढून पाहिला, की चोर कोण तेही सापडते.

थंडी आणि ऊन

बर्फाळ प्रदेशात बॅटरीला थंडी मारते, असा सार्वत्रिक समज आहे. रसायनशास्त्र याहून बारकाईने बोलते. बॅटरीची आपोआप होणारी घट तापमानाच्या साधारण दहा अंश वाढीमागे दुप्पट होते आणि दहा अंश उतरले की निम्मी होते. २५ अंशांना महिन्याला पाच टक्के उतरणारी बॅटरी ५ अंशांना जेमतेम सव्वा टक्का उतरेल. म्हणून पूर्ण भरलेली आणि सगळ्या वायरींपासून तोडलेली चांगली बॅटरी मिनेसोटाच्या हिवाळ्यात हात न लावताही तग धरते. थंडी तिला जपून ठेवते.

थंडी घातक ठरते ती रिकाम्या बॅटरीला. भरलेल्या बॅटरीतले आम्ल तीव्र असते आणि ते उणे ५० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. बॅटरी निम्मी झाली की हा बिंदू उणे २५ अंशांच्या आसपास येतो. पूर्ण रिकामी झाली की आत बहुतांशी पाणीच उरते आणि उणे ७ ते उणे १० अंशांना ते गोठू लागते. त्या प्रदेशात अशी थंडी कितीतरी रात्री पडते. बर्फ प्रसरण पावतो, प्लेटा वाकतात, प्लॅस्टिकची पेटी तडकते. गोठलेली बॅटरी चार्जिंगला किंवा जंप स्टार्टला कधीही लावू नये, ती फुटण्याचा धोका असतो. आधी उबदार जागी पूर्ण वितळू द्यावी आणि पेटीला तडा गेला आहे का ते पाहावे.

उलटी बाजू ॲरिझोनात दिसते. कॅनडातली आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंड राज्यांतली निवृत्त मंडळी हिवाळ्यात यूमा, क्वार्टझसाइट अशा वाळवंटी गावांत मुक्कामाला येतात. त्यांना तिथे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. उन्हाळा आला की ती घरी परततात, आणि काही जण मोटरहोम तिथेच ठेवून जातात. वाळवंटातला पारा ४५ अंशांवर चढतो आणि बंद कप्प्यात त्याहूनही वर. आपोआप होणारी घट २५ अंशांच्या चौपटीला जाऊन पोचते, शिवाय प्लेटांची गंज धरण्याची गतीही उष्णतेने वाढते. थंडीतली भरलेली बॅटरी पाच महिने एकटी राहू शकते. वाळवंटातल्या बॅटरीला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारावे लागते.

आकडे वाचायला शिकणे

बॅटरीच्या प्रकृतीचा अंदाज व्होल्टवरून घेता येतो, मात्र ती विसावलेली हवी. चार्जर काढल्या काढल्या मोजले तर आकडा फसवा आणि चढा येतो. काही तास थांबून, कोणतेही उपकरण चालू नसताना मोजावे. साध्या शिसे-आम्ल बॅटरीत १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव आणि ११.९च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. एजीएम पूर्ण भरली की १२.८ किंवा त्याहून थोडे वर दाखवते. हे आकडे पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. भरलेली आणि निम्मी यांच्यात फार तर अर्ध्या व्होल्टाचा फरक आहे. डॅशबोर्डवरच्या चार हिरव्या दिव्यांनी हा फरक कळत नाही. दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत दाखवणारा मीटर हवा.

झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत याहून खात्रीचा मार्ग आहे तो हायड्रोमीटरचा. गॅरेजमध्ये ‘ग्रॅव्हिटी बघणे’ म्हणतात ते हेच. रबरी फुगा दाबून एका सेलमधले आम्ल काचनळीत ओढायचे आणि आत तरंगणाऱ्या दांडीवरचा आकडा वाचायचा. भरलेल्या सेलमध्ये आम्लाची विशिष्ट घनता १.२६५च्या आसपास असते, निम्म्यावर १.१९०, रिकाम्यात १.१२०. सहाही सेल तपासले, की व्होल्टवरून न दिसणारी गोष्ट दिसते. पाच सेल १.२६० आणि एक १.१८० असेल, तर तो सेल दुबळा आहे आणि बाकीच्या पाचांनाही तो खाली ओढणार आहे. हे काम हातमोजे घालून आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच करावे, कारण आम्लाचा एक थेंब कापडाला भोक पाडतो आणि डोळ्याला कायमची इजा करू शकतो.

भरून ठेवायची कशी

मुक्काम सुरू होण्याआधी बॅटरी पूर्ण भरणे, हे सगळ्यात महत्त्वाचे काम. यातच सर्वाधिक घाई होते. बॅटरीचा पहिला ८० टक्के भाग झरझर भरतो. शेवटच्या २० टक्क्यांना कितीतरी तास लागतात, कारण प्लेटांच्या आतल्या थरांतले सल्फेट सावकाश सुटते. दोन तास लावून चार्जर काढला, की नेमके तेच सल्फेट आत राहते आणि हिवाळाभर त्याचे स्फटिक होतात. रात्रभर लावावी, हे उत्तम. गाडी आवारातच दहा मिनिटे चालू ठेवण्याचा उपाय तर उलटा पडतो. थंड इंजिन सुरू करायला बॅटरीतून बरेच जाते, मंद गतीवर अल्टरनेटर थोडेच परत देतो आणि इंजिनात ओलावा साचतो. चालवायचीच असेल तर रस्त्यावर काढून अर्ध्या-पाऊण तासाची फेरी मारावी.

विजेची सोय असेल तर पुढचे काम हुशार चार्जरवर सोपवता येते. चांगला चार्जर तीन टप्प्यांत काम करतो. आधी जोराने भरतो, मग १४.४ व्होल्टच्या आसपास धरून शेवटचा भाग भरतो आणि शेवटी १३.२ ते १३.६ व्होल्टवर उतरून नुसती राखण करतो. या शेवटच्या टप्प्याला फ्लोट म्हणतात. बॅटरी आपोआप जेवढी उतरते, तेवढेच तो परत देतो. जुने, एकाच व्होल्टवर अडून बसणारे चार्जर मात्र भरलेल्या बॅटरीतही प्रवाह ढकलत राहतात. मग पाण्याचे विघटन होते, हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात, पातळी उतरते आणि प्लेटा उघड्या पडतात. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून बॅटरीच्या कप्प्याला हवा खेळती हवी. साधी बॅटरी चार्जिंगवर असेल तर महिन्यातून एकदा झाकण उघडून पाणी पाहावे. घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर. प्लेटा उघड्या असतील तरच त्या बुडण्यापुरते आधी घालावे.

तापमान ओळखणारा चार्जर मिळाला तर तोच घ्यावा. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण ०.०२ ते ०.०३ व्होल्ट इतका फरक करावा लागतो. थंडीत थोडे जास्त, उष्णतेत थोडे कमी. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात कॅनडातल्या सेटिंगवर चाललेला चार्जर बॅटरी उकळून काढतो.

गाडी जिथे ठेवतात त्या आवारात वीज नसेल तर सौर पॅनेल उपयोगी पडते. ते कंट्रोलरसह हवे. राखणीपुरते १० ते २० वॉट बऱ्याचदा पुरतात. दहा वॉटच्या पॅनेलला दिवसाकाठी तीन तास चांगले ऊन मिळाले, तर साधारण अडीच अँपिअर-तास येतात. वर हिशेब केलेला ३.६ अँपिअर-तासांचा रोजचा खर्च मात्र एवढ्याने भागत नाही. म्हणून आधी चोर पकडायचे, मग पॅनेल बसवायचे. छपराखाली ठेवलेल्या किंवा बर्फाने झाकलेल्या पॅनेलकडून काहीच मिळत नाही.

दोन्ही सोयी नसतील तर बॅटरी काढून घरी न्यावी. पाना घेतल्यावर पहिल्यांदा ऋण टर्मिनल सोडवायचे. गाडीचा सगळा लोखंडी सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टर्मिनल आधी सोडवायला गेले आणि पान्याचे दुसरे टोक सांगाड्याला टेकले, तर पान्यातूनच शेकडो अँपिअर धावतात, पाना लाल होतो आणि बॅटरी फुटूही शकते. ऋण आधी निघाले, की हा मार्गच तुटतो. परत बसवताना क्रम उलटा, धन आधी आणि ऋण शेवटी. सौर पॅनेल असेल तर त्याची जोडणी बॅटरीच्या आधी सोडवावी. वायरी काढण्यापूर्वी फोनने एक फोटो काढून ठेवावा, कारण सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असल्या तर एप्रिलपर्यंत कोणती वायर कुठली हे आठवत नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवट पूड खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. हे पाणी सेलमध्ये जाऊ नये म्हणून झाकणे आधी घट्ट लावावीत.

काँक्रीटच्या फरशीवर ठेवलेली बॅटरी उतरते, असे जुनी माणसे सांगतात. एके काळी पेट्या लाकडाच्या आणि कडक रबराच्या असत. ओलाव्याने त्यांतून गळती होई, तेव्हा या सल्ल्यात तथ्य होते. आजची प्लॅस्टिकची पेटी वीज झिरपू देत नाही. उलट थंड फरशीवर बॅटरी सावकाशच उतरते.

लिथियमचे नियम वेगळे

गेल्या काही वर्षांत मोटरहोममध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. हा पदार्थ पुढे आणण्यात २०१९ च्या नोबेलचे मानकरी जॉन गुडइनफ यांचा वाटा होता. शिसे-आम्लाचे सगळे नियम हिला लावले तर नुकसान होते. हिच्यात सल्फेशन नाही, त्यामुळे निम्मी ठेवली तरी चालते. लांबच्या मुक्कामाला ४० ते ६० टक्क्यांवर ठेवणेच बरे. महिनोन्‌महिने फ्लोटवर ठेवण्याची गरज नाही. शून्य अंशांच्या खाली मात्र ती चार्ज करू नये, कारण लिथियम धातू ॲनोडवर साचतो आणि बॅटरी कायमची बिघडते. चांगल्या बॅटरीतली देखरेख यंत्रणा थंडीत चार्जिंग रोखते, पण ती यंत्रणाही थोडी वीज पिते, म्हणून निदान बाकीचा खर्च टाळायला बॅटरी तोडूनच ठेवावी. हिचे व्होल्ट बहुतांश काळ १३.२च्या आसपासच राहतात. त्यावरून किती उरले आहे हे कळत नाही. त्यासाठी येणारा-जाणारा प्रवाह मोजणारा मॉनिटर लागतो.

आपल्या अंगणात

महाराष्ट्रात बॅटरी गोठण्याचा प्रश्न नाही, पण उष्णतेचा हिशेब आपल्यालाच अधिक लागू आहे. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उभ्या गाडीची अवस्था ॲरिझोनासारखीच होते. मुले परदेशी आणि आई-वडील वर्षातले काही महिने त्यांच्याकडे, असे घर आता नवलाचे नाही. जाताना गाडी खाली उभी राहते. आधी बॅटरी पूर्ण भरून ऋण टर्मिनल सोडवले तर परत आल्यावर टॅक्सी शोधावी लागत नाही. काही गाड्यांत त्यामुळे घड्याळ आणि खिडक्यांची सेटिंग पुन्हा करावी लागतात आणि रेडिओचा कोड लागतो, तेवढा कोड आधी शोधून ठेवावा. डिकी आतून किंवा रिमोटनेच उघडणारी असेल तर बॅटरी डिकीतच नाही ना, तेही आधी पाहावे.

इन्व्हर्टरच्या बाबतीत चूक सहज घडते. घर बंद करताना आपण मेन स्विच पाडतो आणि इन्व्हर्टर चालूच राहतो. वीज गेली असे समजून तो बॅटरीवर काम करू लागतो. काहीही लावलेले नसले तरी स्वतःपुरती वीज घेतो आणि थोड्याच दिवसांत बॅटरी रिकामी करतो. मग ती भर उन्हाळ्यात महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. म्हणून निघण्याआधी बॅटरी पूर्ण भरू द्यावी, पाणी पाहावे, इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करावा आणि बॅटरीची वायर जाणकाराकडून सोडवून घ्यावी. मुक्काम लांबला तर शेजाऱ्यांना किंवा नातेवाइकांना महिन्या-दोन महिन्यांनी एक दिवस चार्जिंग चालू करायला सांगावे.

हे सगळे केवळ पैसे वाचवण्यासाठी नाही. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी २५ ते ३० किलो वजनाची असते आणि त्यातले निम्म्याहून अधिक वजन शिशाचे. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे आणि ते किती घेतले तर चालते अशी सुरक्षित मर्यादा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुनी बॅटरी नोंदणीकृत कारखान्यात गेली तर शिसे पुन्हा वापरात येते. वस्तीच्या कडेला उघड्या भट्टीत वितळवली गेली तर ते धुरातून हवेत आणि मातीत जाते. २०२२ च्या नियमांनी भारतात बॅटरी बनवणाऱ्यांवर ती परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे, म्हणून जुनी बॅटरी दुकानदारालाच परत करावी. पण त्याआधीची जबाबदारी आपली आहे. नीट ठेवलेली बॅटरी दुप्पट काळ चालली, तर तेवढ्या काळात एक बॅटरी कमी वितळते.

करायचे काम मोठे नाही. आधी पूर्ण भरायची. मग एकतर खरोखर तोडायची, नाहीतर हुशार चार्जरला लावायची. बॅटरीच्या झाकणावर कागद चिकटवून महिन्यातून एकदा तारीख आणि विसावलेले व्होल्ट लिहायचे. एका महिन्यात १२.७ वरून १२.६ झाले तर चिंता नाही. १२.७ वरून १२.३ झाले, तर कुठेतरी गळती आहे किंवा एखादा सेल थकला आहे, आणि हे कळायला सहलीच्या सकाळपर्यंत थांबावे लागत नाही. १२.४च्या खाली आकडा उतरताना दिसला, की त्याच दिवशी चार्जरला लावायची.